पहिली वाटी

"आधी माझा डबा उघडा, सिस्टर. मी आधी आलोय."

"आधी कसा? लिफ्टमध्ये बरोबरच होतो, दादा. तुझं पोट पुढे होतं म्हणून तू आधी बाहेर पडलास."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. थोरल्याला हसू आलं नाही. परवापासून आईच्या पोटात काही टिकत नव्हतं. आज थोडं तरी टिकलं तर ठीक, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते.

दोन्ही डब्यांत जिन्नस एकच होता. भाजलेल्या धान्याचं पीठ, गरम दुधात कालवलेलं. अर्धं शहर सकाळी हेच खाऊन कामाला जायचं. सुरुवातीला भट्टी एकच होती. थोरला भाजायचा आणि धाकटा सायकलवरून विकायचा. मग भाजणारा मोठा की विकणारा, यावरून बिनसलं आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कारखाने उभे राहिले. थोरल्याचं पीठ खरपूस, धाकट्याचं फिकट आणि गोड. एक रीत मात्र दोघांनीही मोडली नाही. रोजच्या पहिल्या भट्टीतली वाटी स्वतः आईकडे न्यायची. ती खाऊन "छान झालंय" म्हणाली की मगच पाकिटं भरायला घ्यायची. तोवर दोन्हीकडची माणसं हात बांधून बसलेली. आई दोन्ही वाट्या संपवायची. माझी तिने आवडीने खाल्ली आणि त्याची मन राखायला, असं दोघंही समजून चालायचे.

"आई, आ कर," थोरला म्हणाला.

तिने एक चमचा घेतला. लगेच दुसऱ्या बाजूने धाकट्याचा चमचा पुढे आला.

"आता यातला घे. तोंडाला चव येईल."

"अरे, गिळू तर दे तिला!"

"तुझं घशात चिकटलंय, म्हणून गिळता येत नाहीये."

"तुझ्यात साखरेशिवाय आहे काय रे?"

आई एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून खात राहिली. तिने मुठीत चादर घट्ट धरली होती, ते दोघांनीही पाहिलं नाही. मग सगळं एकदम उलटून आलं. चादरीवर, थोरल्याच्या शर्टावर.

"व्हा बाजूला दोघं!" सिस्टरने आईची पाठ धरली. "यांना हे पीठ सोसत नाही. कालच मला म्हणाल्या, पण मुलांना सांगू नका म्हणून. कित्येक वर्षं रोज सकाळी खायचं आणि मोरीत जाऊन ओकायचं. घरात कुणालाच पत्ता नाही?"

दोघांनी हातातले चमचे डब्यांत ठेवले.

"आई, मग खात का होतीस?" धाकट्याने विचारलं.

आई ओशाळली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "एकाला नको म्हटलं असतं, तर दुसऱ्याने बाजारभर केलं असतं. शिवाय तुमची माणसं खोळंबलेली असायची."

"दोघांनाही नको म्हणायचंस," थोरला म्हणाला.

"मग सकाळी आला असतात का रे तुम्ही?"

थोरल्याने आठवून पाहिलं. वाटी हातात नसताना आपण आईकडे शेवटचे कधी गेलो होतो, ते त्याला काही केल्या आठवेना.

"आजी, तुम्हाला काय खावंसं वाटतंय?" सिस्टरने विचारलं.

"पाव मिळेल? चहात बुडवून?" आई इतक्या संकोचाने म्हणाली, की जणू कुणाच्या तरी ताटातलं मागत होती.

शेजारच्या बाईने आपल्या पिशवीतला पाव काढून दिला. थोरल्याने तो घ्यायला हात पुढे केला, मग स्वतःच्या शर्टाकडे बघून मागे घेतला. सिस्टरच भरवायला बसली. आई डोळे मिटून सावकाश चावत होती. बराच वेळ झाला तरी काही उलटलं नाही.

दोघं डबे घेऊन बाहेरच्या बेसिनवर गेले आणि उरलेलं त्यात ओतून नळ सोडला. पीठ पाण्यात फुगलं, जाळीवर साचलं आणि पाणी वर चढू लागलं. थोरल्याने बाही सारून हात घातला. धाकटा दुसऱ्या बाजूने बोटांनी खरवडू लागला. खरपूस कुठलं आणि गोड कुठलं, काही कळत नव्हतं.

मागे एक माणूस रिकामी बाटली घेऊन खोळंबला होता. त्याने वाकून बघितलं.

"काय हे! कुणाचं आहे?"

दोघंही मान खाली घालून जाळी साफ करत राहिले.