सात पाकळ्यांचं फूल

मिस्त्री गाडी चालवायचे तीसच्या वेगाने, आणि रस्त्याकडेला एखादी जुनी इमारत दिसली की वीसच्या. त्यामुळे चार तासांच्या वाटेला सात तास लागले आणि मिस्त्रीणबाईंनी ते सातही बोलून काढले.

"लोकांच्या बायका नवऱ्याबरोबर डोंगर बघायला जातात. मी आपली भिंती बघतेय."

"डोंगराला कुठे गिलावा असतो," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या लेखी विषय मिटला.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोन रात्रींचा हा बेत बाईंनीच आखला होता. हॉटेलही त्यांचीच निवड. पूर्वीचा राजवाडा, आताचं हेरिटेज हॉटेल. चौदा वर्षांपूर्वी तिथल्या मोठ्या दालनाचं छत गळून खाली आलं, तेव्हा पाच महिने परांचीवर उताणं पडून मिस्त्रींनी ते फुलापानांसकट पुन्हा घडवलं होतं. त्या पाच महिन्यांत बाईंना फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. बाई तशा विसरभोळ्या, पण सोयीपुरत्या. हे त्या विसरल्या नव्हत्या.

खोलीत शिरताच त्यांनी गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला, पडद्याची शिवण उलटी करून पाहिली. कशातच खोट सापडेना, तेव्हा जरा खट्टू होऊन त्या नवऱ्यासोबत खाली दालनात आल्या. चार वाजले होते. एक गाईडबाई हातात काठी घेऊन दहा-बारा पाहुण्यांना छत दाखवत होत्या.

"ही फुलं तीनशे वर्षांची. दरबारी कारागिरांच्या हातची. प्रत्येकाला आठ पाकळ्या, फक्त खिडकीजवळच्या त्या एकाला सात. राजकन्या सासरी गेली, त्या दुःखात कारागिराने एक पाकळी कोरलीच नाही."

एका पाहुणीने डोळ्यांना रुमाल लावला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"अहो ताई," बाई म्हणाल्या, "ती राजकन्या मी."

सगळे वळले.

"हे छत यांनी केलंय, चौदा वर्षांपूर्वी. तीन आठवडे घराकडे फिरकले नव्हते, म्हणून मी फाटकावर भांडायला आले. मला आत सोडेनात, तेव्हा हे खाली आले. पाव तास भांडले मी. तोवर वर यांचा माल सुकून दगड झाला. आठवी पाकळी राहिली ती राहिलीच."

पाहुणे हसले. मॅनेजर हसला नाही. तो लगबगीने आला आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना दोन पावलं बाजूला घेऊन गेला. बाईंच्या कानांना दोन पावलं म्हणजे काहीच नव्हे.

"ओळखलं मी तुम्हाला, मिस्त्री. पुढच्या महिन्यात पश्चिमेच्या दालनाचं छत नव्याने घडवायचंय. तुमच्याशिवाय कोणाला देणार? फक्त एवढं सांगा, बाई गंमत करतायत."

वर्षभर मिस्त्रींना मनासारखं काम नव्हतं. लोक आता साच्यातली तयार फुलं आणून चिकटवतात. जेवताना हा माणूस भात थापीने सारखा करावा तसा चमचा फिरवायचा, ते त्या रोज बघत होत्या. आणि आज घराच्या पायरीपर्यंत आलेलं काम आपल्याच जिभेने परत चाललं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या गप्प बसल्या.

"खरं आहे का हो आजोबा?" रुमालवाल्या पाहुणीने विचारलं.

मिस्त्रींनी मान वर केली. छताकडे बराच वेळ पाहिलं. मग गाईडबाईंच्या हातातली काठी मागून घेतली.

"खरं आहे. या खिडकीपासून त्या झुंबरापर्यंत सगळी फुलं माझी." काठी कोपऱ्याकडे सरकली. "ती वेल मात्र माझी नाही. छत पडलं तेव्हा तेवढीच वाचली. पाच महिने रोज तिच्याकडे बघून हात बसवला, तरी तसं पान मला जमलं नाही. तीनशे वर्षं त्या माणसाला द्या. माझं काम त्याच्या नावावर घालू नका. त्याचाही अपमान, माझाही."

"मग पश्चिमेच्या दालनाचं—" मॅनेजर बोलू लागला.

"दुसऱ्याला द्या. आणि त्याला सांगा, काम झालं की खाली सही करायची."

मॅनेजरचा चेहरा फिक्या चुन्यासारखा झाला. "तुम्हाला उद्या सकाळी खोली सोडावी लागेल."

"दोन रात्रींचं बुकिंग आहे," बाई म्हणाल्या. त्यांची जीभ पुन्हा जागेवर आली होती. "उद्या चारलाही आम्ही इथेच. बाहेर काढायचंच असेल तर या सगळ्यांसमोर काढा."

एकही पाहुणा हलला नाही. गाईडबाईंनी आपल्या माहितीच्या कागदावरची राजकन्या पेन्सिलने खोडली आणि विचारलं, "आजोबा, न जमलेलं पान कोणतं?"

मिस्त्री काठी उंचावून सांगू लागले: देठ कुठून उचललाय, कड कुठे पातळ केलीय. मॅनेजर सोडून सगळ्यांच्या माना वर गेल्या. बाईंनी 'बसू नये' अशी पाटी लावलेल्या नक्षीदार खुर्चीपुढची दोरी बाजूला सारली आणि पाय पसरून बसल्या. हे आता लवकर आटपणार नव्हतं.