हाताने पाहायच्या दीर्घिका

आबांनी एक अख्खी दीर्घिका घासून गुळगुळीत केली, पण त्यात त्यांचा हेतू चांगलाच होता. लेक सकाळी घाईत बाहेर पडताना स्वतः घडवलेले ताऱ्यांच्या दीर्घिकांचे तीन लाकडी नमुने टेबलावर ठेवून गेली, आणि आबांची बोटं आपसूक तिकडे वळली. डोळ्यांनी साथ सोडून वर्ष होत आलं होतं. बोटांनी मात्र अजून राजीनामा दिला नव्हता. उभा जन्म खुर्च्या नि कपाटं बनवण्यात गेलेला माणूस. लाकूड हाताला लागलं की स्वस्थ बसवेल कसं?

पहिला नमुना मधे फुगीर होता, आणि त्यातून निघालेले दोन हात भोवऱ्यासारखे गोल वळत गेले होते. झकास काम. दुसरा अंड्यासारखा, कुठे कंगोरा नाही. हेही ठीक. तिसरा हातात आला आणि आबांच्या कपाळाला आठी पडली. इथे टेंगूळ, तिथे खड्डा, एका अंगाला शेपटासारखं लोंबतंय काहीतरी. पोरीचा हात चुकला म्हणायचा. चारचौघांत तिची शोभा नको म्हणून त्यांनी पलंगाखालच्या पेटीतून पॉलिशपेपर काढला.

दुपारी लेक जेवायला घरी आली आणि टेबलापाशी थबकली.

"आबा, तिसरा कुठाय?"

"हा काय. सरळ करून ठेवलाय."

"अहो, ती तशीच असते! अनियमित दीर्घिका. मुद्दाम वेडीवाकडी केली होती मी."

"मुद्दाम?" आबांनी तो गुळगुळीत नमुना पुन्हा चाचपला. "म्हणजे देवाचंच पॉलिश करायचं राहिलं म्हण की."

"ते यांच्यासाठी ठेवलं होतं त्याने," लेकीची आई आतून म्हणाली.

लेकीला हसू आवरेना. ती विज्ञान केंद्रात नमुने बनवायची, आणि आता डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी तिथे एक दालन उभारत होती. "तुम्ही केलंत ते वर आकाशातही घडतं, आबा. दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या, की त्यांचे हात, शेपट्या हळूहळू विरून जातात. बऱ्याचदा शेवटी अशी अंड्यासारखी एकच उरते. अब्जावधी वर्षं लागतात त्याला."

"मला जेवणाआधी जमलं."

"म्हणूनच म्हणते, उद्या चला. केंद्राला सुट्टी आहे, कुणी नसेल. तुमच्या हातांना एकदा सगळं तपासू दे."

आबांचा चेहरा उतरला. वर्षभरात त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. पडण्याची भीती नव्हती त्यांना. खोलीत हात लांबवला की भिंत भेटते. बाहेर काय कुठे संपतं तेच कळत नाही. त्या अथांगाला ते घाबरत. ते उंबऱ्याबाहेर पडावेत म्हणून मायलेकींनी नाना युक्त्या करून पाहिल्या होत्या.

"आकार कळेल हाताला," त्यांनी विषय वळवला. "पण लांब किती, ते कसं सांगणार? तिथवर टेप थोडीच पोचते."

"तिथंच तर गाडं अडलंय," लेक खुर्ची ओढून बसली. "दीर्घिकांत काही तारे असतात, आबा. श्वास घेतल्यासारखे तेजाळतात, मंदावतात, पुन्हा तेजाळतात. ज्याचा श्वास जितका संथ, तितकं त्याचं मूळ तेज मोठं. म्हणजे मुळात किती ते कळलं. इथून किती फिकं दिसतं, ते आपण बघतोच. त्यावरून अंतर निघतं. पण हे हाताला कसं दाखवू?"

मागच्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत देवाचं पद गात होती. आबांनी मान कलती केली.

"तुझ्या आईसारखं झालं की हे. तिचा मूळ आवाज मला ठाऊक आहे, छप्पर उचलणारा. आत्ता एवढासाच येतोय, म्हणजे ती खिडकीपाशी आहे, आणि तोंड पलीकडे."

गाणं थांबलं. "छप्पर काय उचलणारा?"

"बघ, आता वळली."

लेक मात्र हसली नाही. ती खुर्ची ओढून आणखी जवळ सरकली. मग तिने आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आबा, दालनात हेच करते. आई गाईल. पण जमतंय का, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? तिचा मूळ आवाज दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?"

आबा ती गुळगुळीत दीर्घिका तळव्यात फिरवत राहिले. "चपला कुठे ठेवल्यात कोण जाणे," ते अखेरीस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दालनाच्या दारात त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं. ओल्या व्हार्निशचा ओळखीचा वास येत होता, पण हात लांबवला तर भिंत नव्हती. मग फार दुरून, धाग्याएवढा बारीक होऊन, आईचा आवाज आला.

"आपल्या घराच्या चौपट लांब," आबा पुटपुटले, आणि त्यांनी मनगट सोडलं.

ते चालू लागले तसा अंधार उलगडत गेला. डावीकडे काहीतरी भोवऱ्यासारखं संथ फिरतंय असं वाटलं, उजवीकडे गुळगुळीत, निजल्यासारखं काही तरंगतंय. आपणही त्यातलेच एक, बिनवजनाचे. ज्याने हे सारं पसरलं त्याने मधली ही पोकळीही मायेनेच ठेवली असेल, कुणीतरी हाक मारावी नि कुणीतरी यावं म्हणून. आवाज हलकेहलके मोठा होत होता.

आणि मधेच तो तुटला.

आबा उभे राहिले. पुढे काही नाही, मागे काही नाही. लेक धावायला निघाली आणि तिथंच थांबली. आबांच्या कानात शेवटचा सूर अजून रेंगाळत होता. तो निघाला तिथून इथपर्यंत किती वाट उरली, ते त्यात होतंच. त्यांनी पाऊल टाकलं. मग दुसरं. चालत राहिले, आणि पुढे केलेल्या हाताला खांदा लागला, मग ओला गाल.

"दम लागला का गं?"

"तुम्हाला येताना बघितलं नि गळाच दाटून आला."

"मग बस जरा," आबा म्हणाले. "मी तेवढ्यात पलीकडच्या भिंतीला हात लावून येतो."