सकाळचं पित्त

माझं तोंड वाईट, हे अख्ख्या अणदूरला ठाऊक हाय. पण धाकट्या भावाला, व्यंकटला, म्या उभ्या जन्मात एकच गोष्ट गोडीनं शिकवली, अन् तीच अशी निघाली.

त्याला तरणेपणापासून पित्ताचा त्रास. छातीत जळजळ, तोंडाला कडू पाणी. म्या म्हणलं, उठल्याबरोबर तांब्याभर मिठाचं कोमट पाणी पी, घशात दोन बोटं घाल अन् पित्त पाड. आमच्याकडं समदीच पाडतेत.

नवरा वारल्यावर मी माहेराला आले, गावातच दोन खोल्यांत राहिले. भावजय भुवनेश्वरी अन् माझं जागेवरनं वाजलं, येणं-जाणं तुटलं. व्यंकट मात्र रोज सकाळी माझ्या दारात हजर. मी पाणी कोमट करून द्यायची, तो मोरीपाशी बसून पिवळंजर्द पित्त पाडायचा, तोंड धुवून निघून जायचा. वीस वर्षं. आमचं बोलणं काय, तर "पडलं का?" "पडलं."

औंदा त्याला भाकर अडकाय लागली. मग पाणीबी. सोलापूरला नळी घालून बघितलं तर अन्ननलिकेचा कॅन्सर. तो लई पुढं गेलेला. पोटाला भोक पाडून नळी बसवली, तिच्यातनं पातळ घालायचं. डॉक्टर म्हणले, घरी न्या. मग मानपान गेला चुलीत, मी त्या घराची पायरी चढले. भुवनेश्वरीनं पाट सरकवला.

त्याची लेक अर्पिता पुण्याला प्रयोगशाळेत संशोधन करती. तीबी आलेली. ओसरीवर बापाच्या नळीची पिचकारी धूत होती. म्या आपलं सहज विचारलं, "बाई, तू तिथं करतीस तरी काय?"

"आम्ही अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतो, आत्या. त्यांच्यावर पित्तातली आम्लं घालायची अन् बघायचं, कुठली जनुकं चालू होतात, कुठली बंद पडतात."

"जनुकं म्हंजे?"

"पेशीनं कसं वागायचं ते त्यांत लिहिलेलं असतं. पित्त लागलं की काही नको ती जनुकं जोरात चालू होतात. मरायची ती पेशी मरत नाही, वाढतच राहते."

"पित्त? म्हंजे ते पिवळं, कडू?"

तिनं मान हलवली.

"म्या मारला का गं त्याला?"

"आत्या, असं एका माणसाचं कुणालाच सांगता येत नाही. बशीतलं वेगळं, माणसाचं वेगळं. अन् जळजळ तर बाबांना आधीपासूनच होती की."

"मग पित्त पाडल्यानं झालं न्हाय, असं म्हण."

ती पिचकारी धूत राहिली. खोटं बोलता येत न्हाय तिला, बापावर गेलीय.

तशीच उठून आत गेले. व्यंकट भिंतीला टेकून बसलेला, नुसती हाडं. मी थोरली, पण त्याचे पाय धरले. म्हणलं, "माझ्यामुळं झालं रे हे. माफ कर मला."

त्याचा आवाज पार बसलेला. कान तोंडापाशी न्यावा लागला.

"अर्पितानं दोन वर्षांमागंच सांगितलं होतं, अक्का. बंद करा, डॉक्टरला दाखवा म्हणली. गोळ्याबी आणून दिल्या."

"मग का न्हाय केलंस बंद?"

"बंद केलं असतं, तर तुझ्या दारात यायला मला काय निमित्त होतं?"

माझं डोकंच फिरलं. मरायला टेकलेला भाऊ, अन् मी त्याच्यावर ओरडले, "अरे मुडद्या, नुसता आला असतास! मी काय हाकलून देणार होते तुला? नुसता येऊन बसला असतास रं!"

तेच ओरडत राहिले, भुवनेश्वरीनं येऊन मला पोटाशी धरेपर्यंत.