चांदणीचा उजवा पाय

तारा घोड्यावरून पडली तेव्हा तिचं मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर होतं. तेवढ्या काळात तिच्या आईनं, सुषमानं, एकच वाक्य शंभरदा ऐकवलं, "आता घोड्याचं नाव काढायचं नाही." प्लास्टर निघालं आणि तारा दर रविवारी पुन्हा बापाच्या सायकलीमागं बसून पागेत जायला लागली. स्वार व्हायची नाही. नुसता चांदणीला खरारा करायची, पाणी दाखवायची आणि गुपचूप घरी यायची. दोन महिने हे बघून शेवटी सुषमाच म्हणाली, "बस बाई एकदाची. पण जपून."

ताराचा बाप पंडित सुरतेत, डुमस रस्त्याकडच्या एका घोडेस्वारीच्या क्लबात मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. सुरतेत आला तो पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला. पण रंगाच्या वाफेनं छाती भरायला लागली तशी त्यानं ते काम सोडलं. घोडे त्याला नवे नव्हते. गाव सारंगखेड्याजवळ, घोडेबाजारात मामाबरोबर लहानपण गेलेलं. चांदणी ही क्लबातली सगळ्यात म्हातारी घोडी, सतरा वर्षांची. श्रीमंतांच्या मुलांना ती नको असायची. शिकवणाऱ्या चेतन सरांनी तिला ताराच्या हवाली केलं आणि फेब्रुवारीतल्या स्पर्धेत ताराचं नाव घातलं. बारा वर्षांखालची मुलं, गुडघ्याएवढ्या उंचीचे आठ आडवे दांडे. न पाडता जो लवकर पार करील तो पहिला.

त्या सकाळी सुषमा पहिल्यांदाच मैदानावर आली. साड्यांना टिकल्या लावायचं काम तिनं रात्रीच उरकलं होतं. तिला खुर्ची मिळाली, पण तिथं बसवेना. ती उठून दोरीपाशी पंडितजवळ जाऊन उभी राहिली.

"खोगीर नीट आवळलंय ना?"

"तीनदा पाह्यलं," पंडित म्हणाला. "तू घाबरू नको. मी शे ना."

घंटा झाली. तारा आत आली. टोपीखाली तिचं तोंड एवढंसं दिसत होतं. पहिला दांडा आला तशी सुषमानं डोळे मिटले. खुरांचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. दांडा पडला नव्हता. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक उडीला ती डोळे मिटायची आणि बोटावर एकेक पेर मोजायची. सहावा पार झाला तेव्हा मागून चेतन सर पुटपुटले, "पहिली येतेय ही. दोनच राहिले."

आणि तारानं लगाम खेचला.

चांदणी सातव्या दांड्याकडे निघाली होती, ती दुडक्या चालीवर आली आणि थांबली. लोकांमध्ये गलका उठला. "अरे, जा ने!" कुणीतरी गुजरातीत ओरडलं. चेतन सरांनीही हात हलवला, "तारा, चल! चल पुढे!" तारानं त्यांच्याकडे पाहिलं, रिकिबीतून पाय काढले आणि खाली उडी मारली. स्वार खाली उतरला की बाद. पंचांनी घंटा वाजवली.

सुषमा दोरीखालून वाकून धावत सुटली. तिच्या डोळ्यांसमोर फक्त ते मनगट होतं.

"काय झालं? हात दुखतोय?"

"मला काही नाही झालं, मम्मी. चांदणी लंगडतेय."

पंडित मागून आला होता. हे ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. म्हाताऱ्या घोडीचा पाय मोडला तर ती पुन्हा उभी राहत नाही, हे त्याला माहीत होतं. शिवाय सकाळी तिचे चारी खूर त्यानंच साफ केले होते.

चेतन सर तणतणत आले. "मला तर काहीच दिसलं नाही. बरी चालत होती की!"

"सर, वर बसलं की कळतं," तारा म्हणाली. "उजवीकडे वळली की पुढचा पाय चोरत होती."

घोड्यांचे डॉक्टर मगनभाई आले. त्यांनी खाली बसून चांदणीचा पुढचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला, वरपासून खालपर्यंत दाबत आणला. तळव्याला अंगठा लागला तशी चांदणी थरारली. पंडितनं तिची मान धरून ठेवली. त्याचे ओठ हलत होते. मगनभाईंनी खूर साफ करायची आकडी मागितली, नालेच्या कडेला घातली आणि जोरात वर ओढली. सुपारीएवढा, टोकदार खडा टणकन बाहेर पडला.

"हा बघा. हाड शाबूत आहे. तळवाही फाटला नाही." त्यांनी खूर पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. "आणखी दोन उड्या मारल्या असत्या तर आत रुतला असता. मग चार-सहा महिने गेले असते, आणि या वयात नेम नाही."

"साहेब, सकाळी मी खूर साफ केले होते," पंडित म्हणाला. "देवाशपथ."

"अहो पंडितभाई, सरावाच्या मैदानातून इकडे यायच्या वाटेवर खडी आहे. तिथं अडकला असणार. तुमचा काय दोष त्यात?"

पंडितनं चांदणीला दहा पावलं चालवली, मग दुडकवली. चारी पाय सारखे पडत होते. परत आला आणि मातीतच मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि हसायला लागला.

चेतन सर ताराजवळ आले. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "मी 'चल' म्हणून ओरडलो. तू ऐकलं नाहीस, ते बरं केलंस."

तेव्हा कुठे तारा रडली. सुषमानं तिला पोटाशी धरलं. पोरीच्या अंगाला घोड्याचा आणि घामाचा वास येत होता.

"नंबर गेला म्हणून रडतेस?"

"नाही. मला वाटलं तिचा पाय मोडला." थोड्या वेळानं तारा म्हणाली, "पण मम्मी, दोनच राहिले होते. मला खूप वाटत होतं उडवावं."

"मग?"

"मग ती परत लंगडली."

इतके महिने सुषमा घोड्याला भ्यायली होती, त्याहून जास्त पोरीच्या वेडाला. जिंकायच्या नादात ही कधीतरी जिवावर बेतेल असं काहीतरी करील, असं तिला वाटायचं. आणि हीच पोर सगळं मैदान ओरडत असताना लगाम खेचून उभी राहिली. सकाळपासून ताठलेली सुषमाची पाठ आता सैल झाली. चांदणीच्या मानेवर तिनं हात ठेवला. ऊन, ओलसर मान. घोडीनं कान हलवला, बाकी काही केलं नाही.

निकालाच्या फळ्यावर ताराच्या नावासमोर 'बाद' लिहिलं होतं. तारानं ते वाचलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "मला भूक लागली."

क्लबाबाहेरच्या गाडीवर तिघांनी हरभऱ्याच्या डाळीचा गरम लोचो घेतला. तारानं पहिली प्लेट उभ्या उभ्याच संपवली. सुषमानं आपल्यातला अर्धा तिच्याकडे सरकवला. मग तिच्या लक्षात आलं की आपणही सकाळपासून उपाशी आहोत, आणि तिनं आणखी दोन प्लेटी सांगितल्या.