चोवीस बाजूंचं चाक

त्या सकाळी बुद्धप्रियाचा पाय एका जागी ठरत नव्हता. मशीनपाशी जायची, लाकडाच्या कडेवरून बोट फिरवायची, परत कॉम्प्युटरपुढं येऊन बसायची, की पुन्हा उठायची. वीरभद्रप्पांच्या लाकूड कारखान्यात ती तीन वर्षं डिझाइनचं काम करत होती. ती स्क्रीनवर काढायची, मशीन ते सागवानात कापायचं. आज मशीननं कापलं होतं चार फुटी चक्र, चोवीस आऱ्यांचं, तिच्याच वस्तीतल्या विहारासाठी. उद्या पौर्णिमा, उद्या ते भिंतीवर चढायचं होतं. आणि ते गोल नव्हतं.

लांबून बघणाऱ्याला गोलच वाटलं असतं म्हणा. पण बोट फिरवलं की दर अर्ध्या फुटावर एक टोक लागायचं आणि दोन टोकांच्या मधे कड चक्क सरळ. अशी चोवीस टोकं, तीही नेमकी एकेका आऱ्याच्या डोक्याशी, त्यामुळं नजर बरोबर फसायची.

चूक कुठं झाली ते तिला लगेच कळलं. हे नवं सॉफ्टवेअर मोठं हुशार म्हणून मिरवतं, पण त्याला गोल काढता येत नाही. सरळ रेघांचे तुकडे जोडून ते गोलाचं सोंग घेतं. तुकडे किती हे आपण सांगायचं. नाही सांगितलं तर ते आपलं चोवीस धरून मोकळं होतं. ती शिकली त्या सॉफ्टवेअरमध्ये कोपरे नुसते चित्रात दिसायचे, आतलं माप गोलच असायचं. महिन्याभरापूर्वी घेतलेल्या ह्या नव्यात उलटं होतं. 'स्मूथ' दाबलं की कोपऱ्यांच्या खुणा पुसट व्हायच्या, माप मात्र जसंच्या तसं.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनं स्वतःला माफ केलं असतं. नवं सॉफ्टवेअर, होते चूक. तिचा जीव खात होतं ते वेगळंच.

आठ दिवसांपूर्वी तिचे वडील रावसाहेब आणि विहार समितीचा सचिव सतीश चक्राचं डिझाइन बघायला आले होते. रावसाहेबांची उभी नोकरी होटगी जंक्शनवर गाड्यांची चाकं तपासण्यात गेली. ब्रेक घासून चाक एखाद्या जागी चपटं झालं, की ते हेरायचं, हेच त्यांचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रस्त्यानं जाताना रिक्षाच्या चाकाकडंसुद्धा त्यांचं लक्ष जाई. ते स्क्रीनपुढं वाकले आणि म्हणाले, "प्रिया, ह्ये चपटं दिसतंय की गं. हितं बघ. हितं बी. समदीकडंच हाय."

"बाबा, ते कॉम्प्युटर तसं दाखवतो. लाकडात गोलच येतं." तिनं स्मूथचं बटण दाबलं. "आता बघा."

रावसाहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाकले. "मला आजून बी दिसतंय."

"मग तुमचे डोळेच डॉक्टरला दाखवायला झालेत बाबा," ती हसून म्हणाली. सतीशही हसला. रावसाहेब हसले नाहीत. "आसंल. तू शिकलीस, तुला कळतंय," एवढंच म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

तेव्हा तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आता मात्र ते बाहेर जाऊन उभं राहणं तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

वीरभद्रप्पांनी चक्राभोवती एक फेरी मारली. हाडाचा सुतार माणूस, त्यांना बोटही लावावं लागलं नाही. "टोकं तेवढी रंध्यानं काढू. आतनं पटाशी मारू. बोटभर कड बारीक व्हईल, दुसरं काय? दुपारपातूर गोल करून देतो."

"अप्पा, बाबांना सांगावं लागंल."

"कशाला? चाक गोल जातंय न्हवं? मग झालं की. घरी जाऊन आपल्या हातानं आपली अब्रू काढतीस व्हय?"

तिला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. वीरभद्रप्पा रंधा मारत होते, भुसा पडत होता, एकेक टोक जात होतं. बारा राहिली, आठ राहिली, चार राहिली. ती मोजत होती आणि मनात घोकत होती, काही नाही सांगायचं. चाक चढेल, आई वस्तीभर सांगत फिरेल, बाबाही बघतील आणि म्हणतील, पोरीचंच बरोबर होतं. इथवर आली की ती पुन्हा उठून दारापर्यंत जाऊन यायची.

चारला सतीश टेम्पो घेऊन आला. एकटाच.

"बाबा न्हाई आले?" तिनं विचारलं.

"काका व्हय? ते सकाळपासनं डोळ्यांच्या दवाखान्यात बसल्यात. मी म्हणलं चला, तर म्हणले, चाक बघायला आता माझं काय काम? गाडी बी चालवंना झालेत आठ दिवस. चालतच फिरत्यात." सतीशनं चक्रावरून हात फिरवला. "झकास झालंय."

"सतीशदादा, मला आधी दवाखान्यात सोडा. तुम्ही बी आत चला."

व्हरांड्यात बाकं गच्च भरली होती. रावसाहेब हातात चिठ्ठी धरून टोकाला बसले होते, वर्गात नवीन आलेल्या पोरासारखे अंग चोरून. ती त्यांच्यापुढं उभी राहिली आणि सतीशच्या देखत म्हणाली, "बाबा, चाक चपटंच होतं. चोवीस जागी. तुम्ही दाखवलं तिथंच. मीच चुकले. आज अप्पांनी हातानं तासून गोल केलं."

रावसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग सतीशकडं. "म्हंजे मला दिसत हुतं ते खरंच हुतं?"

"खरंच होतं बाबा. तुमच्या डोळ्यांना काही झालं नाही. उठा, घरी चला."

ते उठले नाहीत. चिठ्ठीची घडी उलगडून त्यांनी पुन्हा घातली. "तू म्हणतीस तर आसंल. पर आता बसलोय तर दाखवूनच येतो. एकदा डाक्टरच्या तोंडनं ऐकू दे."

तिनं सतीशला टेम्पो घेऊन पुढं जायला सांगितलं. रावसाहेब जरा सरकले, तिला जागा झाली. त्यांच्या आधी अजून अकरा जण होते. ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.