चादरीवर मांडलेलं दुकान

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या पाठीवर कोयत्याचा घाव आहे. घाव चांगला चार बोटं लांब आहे, त्यातून माझ्या आतल्या तारा दिसतात. तुम्ही लहान आहात म्हणून ही गोष्ट गोड करून सांगावी, असं मला वाटत नाही. मी मार खाल्ला आहे आणि मारच सांगणार आहे.

माझं तरुणपण गडचिरोलीच्या एका सरकारी कार्यालयात गेलं. झाकणावर पांढऱ्या रंगात साठा नोंदवहीचा क्रमांक रंगवला होता आणि त्याची मला भारी ऐट होती. पण ऐटीनं काही मार चुकत नाही. मी जरा हळू झालो की साहेब मला थापडा मारायचे. एका बाबूनं बदलीच्या रागात माझ्यावर कागदाला भोकं पाडायचं यंत्र आपटलं, तेव्हापासून माझं उजवं बिजागर ढिलं आहे. सहा वर्षांनी नवे लॅपटॉप आले. मला मोडक्या खुर्च्यांबरोबर निकामी ठरवून लिलावात काढलं आणि भंगारवाल्यानं मला ट्रकच्या चाकांवर बसवतात त्या कमानपट्ट्यांच्या ढिगात फेकलं.

त्या कमानपट्ट्या घ्यायला नागभीडचे कय्यूमभाई आले. ते शिकलगार. ट्रकच्या कमानपट्टीचं पोलाद तापवून, ठोकून ते विळे, कोयते, सुऱ्या आणि अडकित्ते घडवत. सोबत त्यांची बी.ए. झालेली मुलगी फरहा होती. तिनं मला ढिगातून ओढून काढलं, चालू करून पाहिलं आणि म्हणाली, "अब्बा, हा जिवंत हाय."

"ह्या जर्मनच्या डब्यात का भरशीन? पोहे?" कय्यूमभाई म्हणाले. तिकडे अल्युमिनियमला जर्मन म्हणतात. मला राग आला, पण घर मिळालं.

नागभीडला रेल्वे फाटकाच्या पुढे त्यांचं घर, अंगणात भट्टी आणि धार लावायची साण. घरात तिघंच: कय्यूमभाई, फरहा आणि तिची आई रहमतबी. दाराचा एक जुना नेम होता. दारात आलेलं पातं बोथट परत जायचं नाही. आणणारा कोण, बोलणारा की भांडलेला, हे विचारायचं नाही. धार लावून द्यायची.

त्यांच्या मालावर तेंदूच्या पानाचा ठसा असे. कय्यूमभाईंच्या वडिलांनी तो कोरला होता. गावातली गिऱ्हाइकं ठसा बघूनच विळा घेत. पण बाकी सगळा माल बापूराव नावाचे व्यापारी उचलायचे आणि त्यांना कोरं पातं लागायचं. ते त्यावर आपलं सोनेरी लेबल चिकटवून शहरात विकत. कय्यूमभाईंचं नाव फाटकापलीकडे कुणाला माहीत नव्हतं आणि फरहाला तेच सलत होतं.

म्हणून तिनं माझ्यावर दुकान थाटायला घेतलं. मोबाइलचं नेट मला जोडलं. फुकट मिळणारा तयार साचा निवडला. दुकानाच्या नावापुरते वर्षाचे पैसे भरले, एका अडकित्त्याच्या किमतीत ते भागलं. चारच पानं केली: माल, आमच्याबद्दल, मागणी कशी द्यायची, आणि फोन नंबर. पैसे घ्यायला स्कॅनचा चौकोन लावला. पात्याच्या धारेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून पार्सल टपालानं कसं पाठवायचं, हे ती पोस्टात जाऊन विचारून आली.

रहमतबी माझ्यासमोर येऊन बसल्या. "ह्या दुकानाले शटर कुठी हाय?"

"शटर नाई, अम्मी. हे बंदच नाई होत."

"मंग राखन कोन करते?" त्यांनी विचारलं. फरहा हसली. मीही हसलो असतो.

राहिला पहिला फोटो, दुकान उघडताच दिसणारा. इथे कय्यूमभाई पुढे सरसावले. "मार्कंड्याच्या जत्रेत मांडतो तसंच मांडू. गिऱ्हाइकाले दुरून सारा माल दिसला पायजे." त्यांनी अंगणात पांढरी चादर अंथरली. त्यावर विळे, कोयते, सुऱ्या, अडकित्ते लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेनं लावले, सगळ्या मुठी एका बाजूला. फरहानं खाटेवर चढून फोटो काढला आणि त्याच्या खाली दुकानाच्या नावाचा पट्टा टाकला. फार सुंदर आला.

तिथेच घात झाला, आणि त्यात माझा वाटा आहे. गडचिरोलीच्या कार्यालयात सहा वर्षं मी वर्तमानपत्रातले फोटो पाहिले होते. जप्त केलेली हत्यारं अशीच पांढऱ्या चादरीवर रांगेनं मांडलेली असतात. हे मला ओळखता यायला हवं होतं. मी मात्र माझ्या अंगावर दुकान सजतंय म्हणून फुशारून गेलो होतो.

पंधरा दिवसांत नाशिकहून एका बाईंनी अडकित्ता मागवला. मग पुण्याहून सुऱ्या, बेळगावहून विळे. पार्सल पोचल्यावर लोक कौतुक लिहायचे आणि फरहा ते मोठ्यानं वाचायची. कय्यूमभाई ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण डबा उघडून ठसा काढत आणि जपून मारत. एके दिवशी ते बापूरावांना म्हणाले, "आता कोरा माल नाई भेटणार, सेठ. घ्याचा असन तं ठशासकट घ्या."

बापूराव हसले, चहा प्याले. जाताना फरहाला म्हणाले, "पोरी, तो चादरीवरचा फोटो पाठव मले. गिऱ्हाइकाईले दाखवतो." फरहानं खुशीनं पाठवला.

आठवड्याच्या आत तो फोटो गावातल्या सगळ्या फोनांवर फिरला. खालचा दुकानाच्या नावाचा पट्टा कापलेला होता. अडकित्तेही कापून काढले होते, म्हणजे उरली नुसती पाती. वर लिहिलं होतं, 'नागभीडात हत्यारांचा साठा.' कुणी कापला, हे अजून सिद्ध झालेलं नाही. मला मात्र काहीच शंका नाही.

तो फोटो बघून ते भर दुपारी आले, पंधरा-वीस जण. दार उघडंच होतं, तरी त्यांनी ते बिजागरासकट उपटलं. भट्टीचा पंखा दगडानं ठेचला. साणेचं लाकडी घोडं मोडलं. रहमतबी मध्ये गेल्या, तर कुणीतरी त्यांच्या डोक्यात काठी घातली आणि त्या पाण्याच्या पिंपाजवळ कोसळल्या. "साठा कुठी हाय, दाखव," म्हणून ओरडत त्यांनी धान्याची कोठी उलटी केली. तांदूळ पायाखाली चिरडले. साठा सापडला नाही, कारण साठा नव्हताच, पार्सलात बांधलेले सहा विळे होते. न सापडल्यानं ते जास्तच चवताळले.

फरहानं मला छातीशी कवटाळलं होतं. माझं झाकण बाहेरच्या बाजूला होतं, म्हणून मी सगळं पाहिलं.

पुढे मिथुन आला. शेजारच्या गल्लीतल्या ठमाबाईंचा मुलगा, तीस वर्षांचा बाप्या. ठमाबाई धान कापणाऱ्या, त्यांचे विळे कायम इथलेच. मिथुन लहानपणी ह्याच अंगणात साणेच्या ठिणग्या बघत बसायचा. त्याच्या हातात कोयता होता.

"दुकान ह्या डब्यात हाय," तो म्हणाला. "हेच फोडून टाकतो."

"मिथुन, पोरगी हाय रे," कय्यूमभाई म्हणाले.

कोयता वर गेला. उन्हात त्याच्या पात्यावर मला तेंदूचं पान दिसलं. आमचाच ठसा. कय्यूमभाईंनी हात मध्ये घातला. कोयता आधी त्यांच्या हातावर बसला, मग माझ्यावर. उजव्या हाताची दोन बोटं अंगणात पडली. माझ्या झाकणाची पाठ चिरली, आतला पडदा फुटला. पण माझ्यामागे फरहा होती आणि घाव तिच्यापर्यंत पोचला नाही. मी आयुष्यात एवढं एक काम चोख केलं.

रक्त पाहिल्यावर जमाव थिजला. मिथुन बोटांकडे बघत राहिला. पोलिसांची गाडी आली तेव्हा निम्मे पळाले होते, तो तिथेच उभा होता.

ठमाबाई शेतावरून धावत आल्या आणि तशाच पोलीस ठाण्यात गेल्या. पोरासाठी रदबदली करायला गेल्या असतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी सांगितलं, "मायाच पोरगा होता. कोयता मायाच घरचा हाय. लिहून घ्या."

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. जमावाकडून जप्त केलेली हत्यारं पांढऱ्या चादरीवर रांगेनं मांडली होती. डावीकडून तिसऱ्या कोयत्यावर तेंदूचं पान होतं. फरहा तो फोटो किती तरी वेळ बघत राहिली.

मिथुनला वाटलं होतं की दुकान माझ्या पोटात आहे. तसं नव्हतं, मी फुटलो तरी दुकान जिथल्या तिथे होतं. बंद केलं ते फरहानं. फोनवरून तिनं पहिल्या पानावर लिहिलं, 'दुकान बंद आहे.' मग ठसा उचलून राखेच्या बादलीत टाकला. "आता कोणाच्या हातात लोखंड द्याचं नाई, अब्बा," ती म्हणाली. कय्यूमभाईंनी बँडेजकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझी रवानगी भिंतीतल्या फळीवर झाली. दोन महिने माझ्यावर धूळ बसली आणि भट्टी थंड राहिली.

मग धान पिकलं. एका सकाळी ठमाबाई दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. आत यायची त्यांची हिंमत होईना. रहमतबींनी त्यांना पाहिलं, रहमतबींच्या कपाळावर टाक्यांचा व्रण अजून ताजा होता.

"धान उभा हाय," शेवटी ठमाबाई म्हणाल्या आणि पदरातला विळा काढला. "धार गेली. दुसरीकडं कुठी जाव, मले समजत नाई. तू नाई म्हनशीन तरी चालन, पोरी."

फरहा जागची हलली नाही. कय्यूमभाई खाटेवरून म्हणाले, "पातं दारात आलं हाय, बेटा."

"तुमची बोटं गेली, अब्बा."

"बोटं गेली. दार हाय ना."

फरहा रागानं रडत होती. तिनं ठमाबाईंच्या हातातून विळा जवळजवळ हिसकावला आणि मोडकी साण दोन विटांवर टेकवली. ठिणग्या उडाल्या. ठमाबाई दाराशीच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. धार लावून झाल्यावर फरहानं भाताच्या तणसाच्या काडीवर ती तपासून पाहिली. काडी अलगद तुटली. तिनं विळा परत दिला आणि विचारलं, "बाई, मी येऊ का तुमच्या वावरात? एक फोटू काढाचा हाय."

चादरीचा फोटो आता दुकानात नाही. त्या जागी धानात वाकलेल्या ठमाबाई आहेत, एका हातात पेंढी आणि एका हातात विळा. खाली लिहिलं आहे, 'ठमाबाई, नागभीड. ह्यांचा विळा एकोणीस वर्षं जुना आहे.' त्याच दिवशी 'दुकान बंद आहे' ही ओळ फरहानं काढून टाकली. आता ती ठोकते आणि कय्यूमभाई डाव्या हातानं सांडशी धरतात.

मित्रांनो, तुम्हीही उद्या असं छोटं दुकान काढाल. त्याला फार पैसे लागत नाहीत, हे मी पाहिलं आहे. पण वस्तू दाखवाल तेव्हा ती कुणाच्या हातात शोभते, तेही दाखवा. आणि एखादा फोटो तुमच्याकडे आला तर त्याचं खालचं टोक कुणी कापलंय का, हे आधी बघा. फोटो पुढे पाठवायला एकच बोट लागतं. कय्यूमभाईंची दोन गेली.

परवा फरहानं मला फळीवरून उतरवलं. मला वाटलं, आता भंगारात. तिनं माझ्या झाकणावरची काजळी पुसली, सरकारी क्रमांक घासून काढला. मग राखेतून काढलेला तो ठसा घावाच्या शेजारी टेकवला आणि हातोडा उचलला. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा मार. तेवढा मात्र मला हवा होता.