डोक्यावरचा लाल थर

या डोंगरांचा ज्वालामुखी विझून कोट्यवधी वर्षं झाली, आता त्याला कशाला भ्यायचं, असं दगडवाली सगळ्यांना हसून सांगायची. दगडवाली हे नाव घरच्यांनी ठेवलेलं. कामावर ती भूगर्भशास्त्रज्ञ होती. त्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये एका पेटीपुढे उकिडवी बसली आणि पहिल्यांदा त्याला भ्याली.

पेटीत दगडाच्या कांड्या होत्या. डोंगरातून बोगदा न्यायचा, म्हणून आधी माथ्यावरून खोल भोक पाडून काढलेल्या आणि निघाल्या त्याच क्रमाने मांडलेल्या. हा डोंगर काही एका दमात उभा राहिला नव्हता. तापलेला लाव्हा यायचा, पसरायचा, थिजायचा. मग हजारो वर्षं सामसूम. त्यावर माती धरायची, जरा कुठे जीव धरायची, तोच पुन्हा लाव्हा. आणि ती बिचारी खाली भाजून विटेसारखी लाल. असे थरावर थर. काळा दगड भक्कम, पण मधली लाल माती पाणी लागलं की साबणासारखी सुटते.

ती लाल माती बोगद्याच्या तळाखाली आहे, असं नकाशात तिनेच दाखवलं होतं.

"मामा, ही पेटी कोणी फिरवली?"

शेड सांभाळणारे मामा चष्मा पुसत आले. "तूच की. फोटो काढताना तुझ्या तोंडावर ऊन येत होतं. वर-खालच्या खुणांची शाई पुसली होती, तीही तूच नव्याने घातलीस. का गं?"

तिने लाल थराला लागून असलेली कांडी उचलली. तिच्यात काडीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या होत्या. ओल्या मातीवर लाव्हा पसरला की मातीतली वाफ वर घुसते, तिच्या या वाटा. म्हणजे हा दगड लाल थराच्या वर हवा. तिच्या खुणांप्रमाणे तो खाली होता. तिने डोळे चोळून पाहिले. तरी खालीच.

पेटीत बसेल एवढा दगड म्हणजे साधारण बोगद्याची उंची, आणि ही पेटी नेमकी बोगद्याच्याच खोलीवरची. पेटी उलटी वाचली गेली असेल, तर लाल थर कामगारांच्या पायाखाली नव्हता, डोक्यावर होता. आणि खोदाई आज नेमकी तिथेच पोचली होती. त्या डोक्यांतलं एक तिच्या धाकट्या भावाचं होतं.

बोगद्यात काय, त्याच्या तोंडाशीही फोन लागत नाही. मामांनी स्कूटर काढली.

"मामा, पळवा ना जरा!"

"गाडी माझ्या वयाची आहे, बाळा. दोघांनाही दम लागतो."

बोगद्याच्या तोंडाशी इंजिनिअर चहा पीत उभा होता. तिने एका श्वासात सगळं सांगितलं.

"खात्री आहे?"

"चूक माझी आहे एवढी खात्री आहे. बाकी आत बघितल्याशिवाय नाही."

"काम थांबवलं आणि हेही चुकीचं निघालं तर?"

"मग मला काढून टाका. आधी माणसं काढा."

चहा तसाच ठेवून तो आत निघाला, ती मागोमाग. माणसं मागे, छत पेलणाऱ्या लोखंडी कमानींखाली आणून उभी केली. छताला एक भोक मारून बघायचं ठरलं, आणि यंत्र चालवायला हवा होता तिचाच भाऊ.

"काय ताई, डबा खाल्ला की नाही ते बघायला आलीस? खाल्ला. भाजी खारट होती."

तिने छताकडे बोट केलं.

यंत्र सुरू झालं. भोकातून यंत्राचं पाणी दगडाच्या भुकटीने राखाडी होऊन ओघळलं. काळा दगड! आपलं आत्ताचं सगळं बोलणं खोटं ठरावं, चारचौघांत नाक कापलं जावं, असं तिला मनापासून वाटलं. पाणी राखाडीच येत राहिलं. इंजिनिअरने तिच्याकडे पाहिलं.

मग यंत्राचा आवाज एकदम बदलला. कण्हणं थांबलं, यंत्राची पहार लोण्यात शिरावी तशी वर गेली. भावाच्या बाहीवरून लाल पाणी उतरलं. त्याने यंत्र बंद केलं. त्या शांततेत वरून काहीतरी बारीक, कोरडं, त्याच्या टोपीवर पडलं. पुन्हा पडलं.

ती वळली, पाय उचलला. भावाने तिचा दंड पकडला.

"पळू नकोस," तो अगदी हळू म्हणाला. "तू पळालीस की कमानींखालचे सगळे पळतील. तुडवातुडवी होईल. चाल."

तिघं चालू लागली. पुढचा उजेड जागचा हलत नव्हता. तिची मान आपोआप खांद्यांत गेली होती, जणू तेवढ्याने डोंगर चुकवता येणार होता. कमानी आल्या, तिथली माणसं सोबत निघाली. मागे दगड घरंगळण्याचा मोठा आवाज झाला तेव्हा फक्त भावाची बोटं तिच्या दंडात रुतली.

बाहेर आल्यावर इंजिनिअर माणसं मोजू लागला. सगळी होती. भाऊ धपकन मातीत बसला. त्याचे गुडघे थडथड उडत होते.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"माझी चूक? ती तर सांगावी लागेलच."

"ती सांग. माझे गुडघे सांगू नकोस."